वर निळं, खाली करडं: स्की न येणाऱ्यांसाठी आल्प्सचा हिवाळा

झुरिकमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात नोव्हेंबरच्या मध्यावर ऊन गेलं ते अडीच आठवडे परतलंच नाही. पाऊस नाही, बर्फ नाही, नुसतं मळक्या गोधडीसारखं आभाळ डोक्यावर पसरलेलं. दुपारी साडेचारला दिवे लावायचे आणि पुण्याला फोन करून "सगळं छान आहे" म्हणायचं. एका शनिवारी सकाळी शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. माझा चेहरा बघून चारच शब्द बोलल्या, "ओबे ब्लाउ, उंडे ग्राउ." वर निळं, खाली करडं. आणि हात केला तो डोंगराकडे नाही, स्टेशनाकडे.

त्या दिवशी मी रीगीच्या डोंगरावर गेले. दातेरी रुळांवरून चढणारी गाडी ढगात शिरली, काचा पांढऱ्या झाल्या, आणि एका वळणावर डब्यातल्या सगळ्यांनी एकदम डोळे बारीक केले. लख्ख ऊन! खाली बघावं तर गावं, तलाव, रस्ते सगळं ढगांच्या समुद्रात बुडालेलं आणि त्यातून शिखरं बेटांसारखी वर आलेली.

नोकरीसाठी, शिक्षणासाठी इथे नव्याने आलेले आपले लोक आणि आठ दिवसांसाठी मुलांना घेऊन येणारी कुटुंबं मला हमखास सांगतात, "आम्हाला स्की येत नाही, मग हिवाळ्यात काय करणार?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. इथल्या डोंगरातल्या माणसांचा हिवाळा स्कीपुरता कधीच नव्हता. तो पायी चालण्याचा, लाकडी गाडीवरून घसरण्याचा, गोठलेल्या तलावावर गळ टाकून बसण्याचा आणि कमरेला घंटा बांधून घरोघर फिरण्याचाही आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींना शिकवणी लागत नाही. पण क्रम लागतो. पहिल्या तीन पायऱ्या तरी ओळीने चढा.

पहिली पायरी: धुक्याची उंची बघा

जुरा डोंगर आणि आल्प्स यांच्यामधल्या सखल भागात थंडीत जड, गार हवा साचून राहते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. त्या झाकणाखाली धुकं, वर ऊन. म्हणून निघण्यापूर्वी खिडकीबाहेर बघून काही ठरवू नका. स्विस हवामान खात्याच्या अंदाजात धुक्याची वरची सीमा किती मीटरवर आहे ते दिलेलं असतं. ती ८०० ते १,००० मीटरच्या आसपास असेल तर दीड हजार मीटरच्या वरचं कुठलंही ठिकाण तुम्हाला ऊन देईल. मात्र आकाशात खरोखरच पाऊस-बर्फाचे ढग असतील तर वर जाऊनही करडंच दिसेल. हा फरक अंदाज वाचून कळतो, आणि तो वाचायला शिकणं हे इथल्या हिवाळ्यातलं पहिलं कौशल्य.

पहिल्या सहलीसाठी मी अजूनही रीगीच सुचवते. आर्थ-गोल्डाउहून गाडीने १,७९८ मीटरवरच्या रीगी कुल्मला जा. तिथे ढगांचा समुद्र पोटभर बघा, मग फिट्झनाउच्या बाजूला उतरणाऱ्या गाडीने काल्टबाडला उतरा. (फिट्झनाउची ही बाजू १८७१ मध्ये सुरू झाली, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे ती हीच.) काल्टबाडपासून शायडेगपर्यंत साधारण ७ किलोमीटरची वाट आहे. तिथे पूर्वी रेल्वे धावायची, ती १९३१ मध्ये बंद पडली. रुळांची वाट असल्यामुळे चढ अगदी सौम्य आहे. हिवाळ्यात बर्फ दाबून ती चालण्यासाठी तयार ठेवतात. दिशादर्शक पाट्या गुलाबी असतात. उन्हाळ्यातल्या पिवळ्या पाट्यांवर हिवाळ्यात विसंबू नका, कारण त्या वाटा बर्फाखाली गेलेल्या किंवा धोक्याच्या असू शकतात. शायडेगहून केबलकारने क्रेबेलला उतरलं की पुन्हा गोल्डाउची गाडी मिळते. शेवटची केबलकार किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा. डिसेंबरात दिवस साडेचारलाच संपतो.

दुसरी पायरी: सुती कपडे घरी ठेवा

आपण जाड स्वेटर, जाड जॅकेट, आत नेहमीचा सुती बनियन आणि खाली जीन्स घालून निघतो. चढताना घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि थांबलो की तोच ओला कपडा अंगाला बर्फासारखा लागतो. त्यापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम कापड, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. चालायला लागण्यापूर्वी एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा. सुरुवातीची दहा मिनिटं किंचित गार वाटलं तर समजा, कपडे बरोबर आहेत.

वाऱ्याचा हिशेब विसरू नका. उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १४ सारखं जाणवतं. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक नक्की भिजतो. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. ताजा बर्फ बहुतेक सगळे अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही ऊन भाजतं. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते.

या सगळ्यावर महिन्याचा पगार घालवायची गरज नाही. प्रत्येक शहरात जुन्या वस्तूंचं दुकान असतं, लोक त्याला लाडाने 'ब्रोकी' म्हणतात. मुलांचे बर्फाचे सूट, बूट, कधी लाकडी घसरगाडीसुद्धा तिथे स्वस्तात मिळते. ऑक्टोबरातच जा.

तिसरी पायरी: घसरगाडी

मला एकच दिवस देऊन "आल्प्सचा हिवाळा दाखव" म्हणालात तर मी तुम्हाला ग्राउब्युन्डेनमधल्या बेर्ग्युनला नेईन. झुरिकहून खूरला गाडी बदलून अडीच-तीन तास लागतात. बेर्ग्युनहून वर प्रेडापर्यंत, आणि पुढे आल्बुला खिंडीकडे, मोटारीचा रस्ता आहे. हिवाळ्यात खिंड बंद होते, आणि त्याच रस्त्यावर प्रेडा ते बेर्ग्युन अशी ६ किलोमीटरची घसरवाट तयार होते. वर न्यायला रेल्वे! बेर्ग्युनला भाड्याने घसरगाडी घ्यायची, ती उचलून लाल डब्यात चढायचं, प्रेडाला उतरायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा रेल्वे पकडायची. दिवसाचा पास काढला की कितीही फेऱ्या करा. संध्याकाळी वाटेवर दिवे लागतात, पण रोज नाही. कोणत्या वारी लागणार ते आधी बघा.

वर जाणारा प्रवासही घसरण्याइतकाच बघण्यासारखा आहे. या दोन स्टेशनांत चारशेहून अधिक मीटरचा चढ आहे. सरळ रूळ टाकले असते तर इंजिनाला झेपलं नसतं. म्हणून बांधणाऱ्यांनी डोंगराच्या पोटात गोल फिरणारे बोगदे खणले, दरीवर पुन्हापुन्हा पूल टाकले आणि मार्ग जवळजवळ दुप्पट लांब केला. बेर्ग्युन गाव खिडकीतून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, दर वेळी आणखी खाली दिसतं. खंडाळ्याचा घाट चढताना खिडकीशी भांडून जागा पटकावलेल्या माणसाला इथे नेमका तोच आनंद होईल. २००८ पासून हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता तंत्र. ते निघण्यापूर्वीच समजून घ्या, कारण पहिल्या वळणावर विचार करायला वेळ नसतो.

गाडीवर मागे सरकून बसा. दोन्ही पाय पुढे, घसरपट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला. दोरी हातात घ्या, पण मनगटाला गुंडाळू नका. डावीकडे वळायचं तर डावा पाय बर्फावर हलकेच टेकवा, अंग डावीकडे झुकवा आणि डावी दोरी ओढा. उजवीकडे याच्या उलट. थांबायचं तर पायांचे दोन्ही तळवे गाडीच्या बाजूंना बर्फावर सपाट दाबा. नुसती टाच रोवली तर गुडघ्याला हिसका बसतो. फारच वेग आला तर पाय दाबून दोरीने गाडीचं नाक वर उचला. वळण यायच्या आधी वेग कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नाही.

ही शेवटची गोष्ट मी अंगावर शिकले. तिसऱ्या फेरीला आत्मविश्वास वाढला होता, पुलाखालच्या वळणात मी उशिरा पाय टेकवले. उडालेल्या बर्फाचा फवारा थेट तोंडावर आला, काही दिसेना, आणि गाडी कडेच्या ढिगात घुसली. हेल्मेट होतं म्हणून नुसत्या मुक्या मारावर भागलं. उठून बसते तर डोक्यावरून, दगडी पुलावरून, उजळलेल्या खिडक्यांची रेल्वे चालली होती आणि आतली मुलं हात हलवत होती.

तेव्हा हेल्मेट भाड्याने घ्याच, बूट खोल खाचांच्या तळव्याचे आणि घोट्याच्या वर येणारे असू देत. पोटावर झोपून, डोकं पुढे करून घसरू नका. लहान मूल तुमच्या पुढ्यात बसवा. थांबायचं असेल तर वाटेच्या कडेला, आणि कधीही वळणामागे नाही. भाड्याने देणारा विचारेल, डाव्होसर की रोडल? डाव्होसर ही पारंपरिक, घट्ट सांध्यांची लाकडी गाडी. रोडलचे सांधे थोडे लवचिक असतात, त्यामुळे ती चांगली वळते. नवख्याने रोडल घ्यावी.

हात बसला की ग्रिंडेलवाल्डचा विचार करा. २,६८१ मीटर उंचीच्या फाउलहॉर्नवरून गावापर्यंत १५ किलोमीटरची घसरवाट आहे, जगातली सर्वांत लांब म्हणून ती ओळखली जाते. पण तिथे रेल्वे नाही. फर्स्टपर्यंत केबलकार, आणि पुढे गाडी मागे ओढत अडीच-तीन तास चढायचं. घसरायची भूक त्या चढणीने चांगलीच वाढते, पण पहिल्या वर्षी हे करू नका. बसने बुसआल्पपर्यंत जाऊन तिथून खाली या, तेही पुष्कळ होतं.

ग्रिंडेलवाल्डमध्येच व्हेलोगेमेल भाड्याने मिळते. लाकडी सायकलच ती, फक्त चाकांऐवजी घसरपट्ट्या. ख्रिस्टियान ब्यूलमान या गावकऱ्याने १९११ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पोलिओमुळे त्याला बर्फातून चालणं कठीण जायचं, म्हणून त्याने ही बनवली, आणि पुढे गावातल्या इतरांनीही ती रोजच्या कामासाठी उचलली. आजही फेब्रुवारीत तिची जागतिक स्पर्धा इथेच भरते. पॅडल नाही, ब्रेक नाही. ब्रेक म्हणजे तुमचे बूट. एका गरजू माणसाच्या डोक्यातून निघालेलं हे वाहन शंभर वर्षांनंतरही त्याच गावच्या उतारावर धावतं, याचं मला फार अप्रूप आहे.

चौथी पायरी: बर्फबूट, आणि हिमस्खलनाचा अंदाज

बुटांखाली रुंद चौकट बांधून भुसभुशीत बर्फावरून चालायचं, म्हणजे बर्फबूट. चालणं पाच मिनिटांत जमतं, आणि धोका तिथेच आहे, कारण पाय कुठेही जाऊ शकतात असं वाटायला लागतं.

डाव्होसची हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला धोक्याचा अहवाल काढते. तिच्या 'व्हाइट रिस्क' या ॲपवर तो मिळतो. धोक्याच्या पाच पातळ्या आहेत. नवखे तीन हा आकडा बघून "मधला आहे, चालेल" म्हणतात. चालत नाही. हिमस्खलनातले निम्म्याच्या आसपास मृत्यू याच तिसऱ्या पातळीच्या दिवसांत होतात. उतार ३० अंशांहून तीव्र असेल तर बर्फाचा थर सुटून येऊ शकतो, आणि तुम्ही सपाटीवर असाल तरी वरचा उतार सुटू शकतो. त्यामुळे पहिली काही वर्षं गुलाबी पाट्यांनी आखलेल्या, उघड्या असल्याचं जाहीर झालेल्या वाटाच. त्यापलीकडे जायचं तर प्रमाणित वाटाड्याबरोबर.

आखलेली वाट न सोडण्याचं आणखी एक कारण आहे. काळा रानकोंबडा थंडीत बर्फात बीळ करून त्यात बसून असतो, शॅमॉय हा शेळीसारखा डोंगरी प्राणी हालचाल कमी करून साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. तुमच्या पावलांनी दचकून ते पळाले तर वसंतापर्यंत पुरवायची शक्ती एका धावेत खर्च होते. अशा प्राण्यांसाठी राखलेले भाग नकाशावर दाखवलेले असतात. तिथे शिरलं तर दंड होतो, आणि व्हायलाच हवा.

पाचवी पायरी: गोठलेलं पाणी

कान्डरश्टेगहून केबलकारने वर गेलं की ओशिनेन तलाव आहे, १,५७८ मीटरवर. पुरेसा गोठला की त्यावर चालायची वाट आखतात आणि बर्फाला भोक पाडून मासेमारी करू देतात. परवाना आणि साहित्य तिथेच मिळतं. मासा लागेलच असं नाही. मी तिथे जाते ती आवाजासाठी. ऊन चढलं की बर्फाची लादी ताणली जाते आणि तलावभर एक खोल, घुमणारा आवाज पळत जातो, पायांना आधी कळतो आणि मग कानांना. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं. शेजारचा म्हातारा मासेमार मात्र थर्मासमधला चहा ओततच राहतो.

नियम एकच आहे, आणि त्याला अपवाद नाही: तलाव उघडा असल्याचं जाहीर झालं नसेल तर काठावरच थांबा. बर्फाची जाडी डोळ्यांना दिसत नाही. झऱ्याच्या तोंडाशी आणि काठालगत ती अचानक कमी होते.

सांक्ट मोरिट्झच्या गोठलेल्या तलावावर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, फेब्रुवारीतल्या रविवारी. त्यात एक प्रकार असा की घोड्यावर स्वार नसतोच, मागे स्कीवर उभा राहून माणूस त्याला हाकतो. एकदा बघावं. आणि पाणी गरमच हवं असेल तर लोयकरबाडला जा, डोक्यावर बर्फ पडत असताना उघड्या कुंडात गळ्यापर्यंत बसायला मिळतं. आई-वडील भारतातून आले असतील तर ही सहल नक्की.

खाणं आणि अडचण

शाकाहारी असाल तर विचारून खा. जवाचं सूप बहुतेक वेळा वाळवलेलं मांस घालून करतात. फोंड्यूमध्ये, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि किर्श ही चेरीची दारू असते, आणि ग्रुयेर चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. बटाट्याची रोश्टी "ओहने श्पेक" म्हणजे बेकनशिवाय मागा. मी थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजी आणि दोन डिंकाचे लाडू घेतल्याशिवाय निघत नाही.

रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवणाऱ्या रेगा संस्थेचा १४१४. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर पसरून उभे राहा. नको असेल तर एक हात वर, एक खाली. उत्साहाने नुसता एक हात हलवलात तर निरोप उलटा जाईल. पाहुणे येणार असतील तर त्यांच्या प्रवास विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे ना, ते व्हिसाच्या वेळीच वाचा.

सहावी पायरी: मुखवटे आणि घंटा

वालिस भागातल्या ल्योचेन्टाल खोऱ्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून उपवासाचा काळ सुरू होईपर्यंत 'चेगेता' फिरतात. लाकडात कोरलेले अक्राळविक्राळ मुखवटे, अंगावर शेळ्यामेंढ्यांची कातडी, कमरेला गाईची घंटा. सापडलात तर तोंडाला बर्फ चोळतात. कोकणातल्या शिमग्यात संकासुरापुढे धावलेल्या कोणालाही हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. २८ मे २०२५ ला याच खोऱ्यातलं ब्लाटन हे गाव हिमनदी कोसळून गाडलं गेलं. गावकऱ्यांना काही दिवस आधीच हलवलं होतं म्हणून ते वाचले, पण घरं गेली. तिकडे जाल तेव्हा हे मनात ठेवा आणि कॅमेरा काढण्याआधी माणसांशी बोला.

माझा सगळ्यात लाडका दिवस मात्र १३ जानेवारी, आपेनझेलच्या डोंगरातलं उर्नेश गाव. पोपने १५८२ मध्ये नवं कॅलेंडर आणलं ते इथल्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी दोन शतकं मानलंच नाही. त्यामुळे आजही ते वर्षाला दोनदा निरोप देतात, एकदा ३१ डिसेंबरला आणि एकदा जुन्या हिशेबाने १३ जानेवारीला. यातला दिवस रविवारी आला तर सगळं आदल्या शनिवारी होतं.

पहाटेच्या अंधारात 'क्लाउस', म्हणजे सोंग घेतलेले गावकरी, निघतात. काही 'सुंदर': मखमली पोशाख, बाहुलीसारखे मुखवटे आणि डोक्यावर गावातल्या जीवनाचं कोरीव दृश्य पेललेला भलामोठा मुकुट. काही 'कुरूप': गवत, फांद्या, दात विचकलेले चेहरे. अंगावर जड घंटा. एखाद्या शेतघरापुढे आले की उड्या मारून घंटांचा कल्लोळ करतात, मग अचानक थांबतात, गोल उभे राहतात आणि शब्दांविना, नुसत्या स्वरांवर गातात. एक जण सूर लावतो, बाकीचे खाली आधार धरतात. घरातले दारात स्तब्ध उभे. गाणं संपलं की प्रत्येकाशी हस्तांदोलन, नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि मुखवट्याच्या फटीतून नळीने गरम वाइनचा घोट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोरपिसांची टोपी घातलेला, पहाटे दारात येणारा वासुदेव आठवला, आणि परक्या गावात उभी राहून मी रडले.

तिथे जायचं तर असं जा. हेरिसाउहून उर्नेशला जाणारी पहाटेची पहिली गाडी गाठा. दुपारनंतर गर्दी होते आणि बर्फाचा चिखल होतो. गावाच्या चौकात थांबू नका, घंटांच्या आवाजाच्या मागे शेतघरांच्या वाटेला लागा. अंगणाच्या कडेला उभे राहा, घरच्यांच्या आणि क्लाउसांच्या मध्ये नाही. गाणं चालू असताना बोलू नका, फ्लॅश नको. गाणं घरच्यांसाठी असतं, आपण फक्त ऐकणारे.

आणि खिशात तिळगूळ ठेवा, बहुतेक वर्षी दुसऱ्याच दिवशी संक्रांत असते. गेल्या खेपेला माझ्याशी हात मिळवणाऱ्या एका क्लाउसच्या पंज्यात मी एक वडी ठेवली. मुखवट्यामुळे त्याला ती खाता येईना. त्याने ती नीट बघितली, घंटांचा पट्टा बाजूला सारून आतल्या खिशात ठेवली आणि पुढच्या घराच्या चढाला लागला.